पुरवणीत आपल्या नागपूरची एक स्ट्रिप द्या

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर, राशिभविष्य आणि शब्दकोड्याच्या मधात जी तीन चौकटींची कॉमिक स्ट्रिप येते ना, तिच्याबद्दल लिहायचं आहे. ती परदेशातली आहे, तुम्ही भाषांतर करून छापता. चित्रांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ज्याने काढली त्याचा हात फारच तयार आहे. पण संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातली सगळी पोरं गच्चीवर चक्री धरून ‘ओ काट’ ओरडत असतात, आणि स्ट्रिपमधली पोरं दारातला बर्फ फावड्याने उपसून राहिली, असं झालं की वाचणारा ते नुसतं पाहतो आणि पान उलटवतो. माझी विनंती एवढीच आहे की आठवड्यातून एकदा तरी त्या जागेवर नागपूरची, विदर्भाची स्ट्रिप द्या, इथे राहणाऱ्या कोणीतरी काढलेली आणि इथल्या बोलण्यातली.

मी स्वतः कॉमिक काढते. पोटापाण्यासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं, पत्रिका, दुकानांच्या जाहिराती असं काम असतं आणि त्यातून वेळ काढून स्ट्रिप. मला नेहमी विचारतात की तुला आयडिया सुचते कुठून, आणि विचारणाऱ्याच्या मनात असं असतं की मी टेबलाशी डोळे मिटून बसत असेन आणि मग अचानक काहीतरी येत असेल. तसं होत नाही. सुचतं ते बाहेर, रस्त्यावर, बाजारात, ऑटोत, बँकेच्या लाइनमध्ये. घरी येऊन त्याची काटछाट करायची असते. म्हणून तर मी म्हणते की स्ट्रिप इथल्या माणसाची हवी, कारण जो सकाळ-संध्याकाळ बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजाराच्या गर्दीतून जातो त्यालाच बर्डी काढता येईल, फोटो पाहून नाही येत ती.

एक उदाहरण सांगते म्हणजे नुसतं बोलणं राहणार नाही. गोकुळपेठच्या बाजारात उन्हाळ्यात एक काकू भाजी घेत होत्या, आपल्याकडे असतात तशा पूर्ण दुपट्ट्यात, डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या, वरून काळा गॉगल, हातात मोजे. भाजीवाली म्हणाली, “बाई, पाव किलो वांगे घेता अन् सांबार जुडीभर मांगता!” सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. काकू काहीच बोलल्या नाहीत, पिशवी तशीच उघडी धरून उभ्या. मी वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मोबाईलने फोटो नाही काढत मी, फोटोत सगळंच येतं आणि मग नेमकं काय पाहिलं होतं ते हरवतं, वहीत चार रेषा ओढल्या की डोळ्याला जे लागलं तेवढंच राहतं.

आता याची स्ट्रिप कशी करायची? पहिल्यांदा मी काकूंनाही बोलायला लावलं होतं, महागाईवर एक वाक्य, मग भाजीवालीचं उत्तर, मग अजून एक. वाचायला बरं होतं पण तीन चौकटीत बोलणंच बोलणं झालं आणि माणसं कोपऱ्यात दबली. देवनागरीची एक अडचण अशी आहे की अक्षराच्या वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये अंतर सोडावं लागतं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणजे जेवढ्या जागेत इंग्रजीच्या चार ओळी बसतात तिथे आपल्या जेमतेम तीन. म्हणून मी आधी बोलणं लिहून त्याचे बबल आखते, कोण आधी बोलतं तो डावीकडे आणि थोडा वर, आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवते. चेहरा आधी मस्त काढला आणि मग बबलला जागाच उरली नाही की त्या चेहऱ्याचा काही उपयोग नसतो.

मग काकूंचं सगळं बोलणं काढून टाकलं. पण दुसरी पंचाईत, काकूंना तोंडच दिसत नाही, ना ओठ ना भुवया. चित्रात राग, हसू, लाज हे सगळं आपण भुवया आणि ओठांवर दाखवतो आणि इथे तर दुपट्टा आणि गॉगल! पण नागपूरच्या उन्हाळ्याने मला ज्या गोष्टी शिकवल्या त्यातली सगळ्यात मोठी हीच, की माणूस खांद्याने बोलतो, मान किती तिरपी आहे, कोपर अंगाला चिकटलंय की लांब आहे, एक पाय पुढे टाकून उभी आहे की दोन्ही पायांवर भार आहे, यावरून कळतं. सिग्नलला थांबलेल्या अॅक्टिवांवर एकही चेहरा दिसत नाही तरी कोण वैतागलंय, कोणाला उशीर झालाय आणि कोण मागे बसलेल्या मैत्रिणीशी खिदळतंय ते दुरून समजतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत मी व्हरायटी चौकात सावली धरून उभी राहते ती यासाठीच.

शेवटी स्ट्रिप अशी झाली. पहिल्या चौकटीत काकू पिशवी उघडी धरून उभ्या आणि भाजीवाली ते वाक्य बोलते. दुसऱ्या चौकटीत कोणीच काही बोलत नाही, काकू तशाच, पिशवी तशीच, फक्त मान जरा तिरपी केलेली. तिसरीत भाजीवाली दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं वजन करते, तोंड तिकडे, पण डावा हात सांबाराची जुडी काकूंच्या पिशवीत टाकतो. पिशवीचं तोंड पहिल्यापासून उघडंच होतं, काकूंना माहीत होतं की मिळणार. ज्यांना दाखवली ते नागपूरकर लगेच हसले, कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

मधली चौकट बिनबोलण्याची सोडायची हिंमत यायला मला फार वेळ लागला. पण चौकटी-चौकटीच्या मधात जी पांढरी पट्टी असते तिथे वाचणारा स्वतः काम करत असतो, वेळ किती गेला, हात कसा हलला, हे तो मनात पूर्ण करतो, आणि त्याला ते काम करू दिलं तरच गंमत येते. शि. द. फडणीसांची चित्रं पाहा, शब्दच नाहीत, आणि तरी मोठे माणसंही हसतात आणि लहान पोरंही. त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रं काढली होती, २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. आर. के. लक्ष्मणांचा चौकड्याच्या कोटातला कॉमन मॅन तर बोलतच नाही, नुसता उभा राहून पाहतो. आणि लक्ष्मण कावळे काढायचे, आयुष्यभर कावळे काढले त्यांनी! इतकं रोजचं पाखरू, ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही, त्याची प्रत्येक लकब त्यांच्या हातात होती. मला यात फार मोठी गोष्ट दिसते, जे रोज दिसतं तेच काढायचं, पण नीट पाहून.

आणि नीट पाहायला नागपूर काय कमी आहे का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात मारबत निघते, म्हणजे गावातली इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, म्हणजे एवढी जुनी परंपरा, आणि तिच्यासोबत बडगे असतात, महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्याने लोकांना त्रास दिला त्याचा बडग्या. बांबू, कागद, जुने कपडे, रंग यातून ते बनतात. कोणी आर्ट कॉलेजात शिकलेलं असतं असं नाही, पण नाक किती मोठं करायचं, पोट किती पुढे काढायचं, गळ्यात काय लटकवायचं म्हणजे लोक पाहता क्षणी ओळखतील, हे त्या करणाऱ्यांना बरोबर कळतं. लाखोंच्या गर्दीत बडग्या समोरून जातो तेव्हा पाहणाऱ्याला काही सेकंदच मिळतात, तेवढ्यात समजलं पाहिजे आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडता आलं पाहिजे. स्ट्रिपलाही तेवढाच वेळ मिळतो, चहा पिता पिता. मी व्यंगचित्राचा पहिला धडा कोणत्या पुस्तकातून नाही तर या मिरवणुकीतून घेतला असं मी मनापासून मानते, आणि ज्या शहरात रस्त्यावर एवढी मोठी मोठी व्यंगचित्रं निघतात त्या शहराच्या पेपरात गावचं एक कॉमिक नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पहिला घास घेतल्यावर माणसाचं काय होतं ते पाहा, आधी नाक, मग कपाळ, मग हात पाण्याच्या ग्लासाकडे, तीन चौकटी तयारच आहेत. पानठेल्यावर उभं राहायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. कूलरचा आवाज काढायचा तर आपल्या भाषेत केवढे शब्द, पंप चालू झाला की गुर्र, ताटीवरून पाणी टपटप, आणि लाइट गेली की सगळं एकदम ठप्प. हे आवाज चित्रातच मोठ्या अक्षरांनी हाताने लिहायचे असतात, फॉन्टने टाकले की ते चित्रापासून वेगळे पडतात.

हे सगळं झालं की मग कागदावरचं काम, ते सांगायला फार नाही. कुठल्याही पावतीच्या मागे बोटभर आकाराची कच्ची आखणी, मग छापायच्या मापाच्या जवळपास दुप्पट मोठ्या कागदावर पेन्सिल, मग शाई, मग स्कॅन. आता बरेच जण टॅबवरच काढतात आणि तेही तितकंच खरं काम आहे. फक्त पेपरासाठी काढताना एक लक्षात ठेवावं लागतं की न्यूजप्रिंटवर शाई फुटते, बारीक रेषा तुटतात आणि दाट जाळी काढली की ती भरून काळा डाग होतो, म्हणून रेष जाड आणि मोकळी ठेवायची.

तुम्ही म्हणाल की पेपरात लोकल स्ट्रिप कोण वाचेल. १९९१ मध्ये ‘सकाळ’ने चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांच्या चिंटूला जागा दिली, पुण्याकडच्या साध्या मराठी घरातलं एक पोरगं, त्याचे मित्र, आई-बाबा, बस एवढंच, आणि पुढे तो महाराष्ट्रभर घराघरात पोचला. पेपरने जागा दिली म्हणून झालं ना ते. आमच्याकडे नागपूरला हिंदीचा वावर जास्त, माझ्या आधीच्या पिढीने मोहल्ल्याच्या दुकानातून भाड्याने हिंदी कॉमिक्स आणून वाचल्या, नागराज, प्राण यांचे चाचा चौधरी, आणि नागराजची सुरुवातीची चित्रं तर प्रताप मुळीक या मराठी माणसाचीच होती. म्हणजे वाचणारे आहेत, काढणारेही आहेत, मराठीत त्यांना उभं राहायला जागा नाही.

द्यायचीच ठरवली तर चार गोष्टी जरूर पाहा. रोजची मागू नका, आठवड्याची मागा. चार्ल्स शुल्झनी अमेरिकेत १९५० पासून २००० पर्यंत रोजची स्ट्रिप मदतनिसाशिवाय एकट्याने काढली, पण त्यांचं घर त्यावर चालत होतं, इथे दुसरी कामं करून काढणाऱ्याला ते झेपणार नाही. मानधन ठरवून द्या, “नाव होईल तुमचं” यावर काम करून घेऊ नका, आणि चित्रावरची सही कापू नका. आकार छोटा करून कोपऱ्यात बसवू नका, पानाची पूर्ण रुंदी द्या, नाही तर हाताने लिहिलेली अक्षरं म्हाताऱ्या माणसांना वाचताच येत नाहीत आणि आपले बरेच वाचक तेच आहेत.

आणि बोली दुरुस्त करू नका, हे मी हात जोडून सांगते. एका अंकात माझी स्ट्रिप छापून आली होती, त्यात पोरगा बापाला म्हणतो, “काऊन बाबा, मले काऊन नाही नेलं?” आणि छापताना कोणीतरी ते “बाबा, मला का नाही नेलंत?” करून टाकलं. चित्रात ते पोरगं मातीत फतकल मारून बसलंय, शर्टाची दोन बटणं तुटलेली, आणि तोंडात ते “नेलंत”. ते बोलणं त्या पोराचं राहिलंच नाही, आणि मग ते चित्रही त्याचं राहिलं नाही. आपल्याकडे भंडारा-गोंदियाची झाडीबोली वेगळी, अकोला-अमरावतीची वऱ्हाडी वेगळी, नागपुरी वेगळी, प्रत्येक चित्रकार आपापली घेऊन येईल, येऊ द्या. ज्याला एखादा शब्द कळणार नाही त्याला चित्र आहेच.

सुरुवात म्हणून वाचकांकडून मागवा, कॉलेजातली पोरं-पोरी, चित्रकलेचे शिक्षक, घरी बसून काढणाऱ्या बायका, तालुक्याच्या गावात सायनबोर्ड रंगवणारे, सगळ्यांना सांगा की तीन चौकटी, एक रंग, विषय तुमच्या आजूबाजूचा. निवडायला एखादा जुना जाणता चित्रकार बसवा. मी माझ्या पाच-सहा स्ट्रिप, भाजीवालीची धरून, पुढच्या आठवड्यात तुमच्या कार्यालयात आणून ठेवते, मूळ कागदांवरच्या, म्हणजे छापण्याआधी रेष कशी दिसते तेही पाहता येईल. माझी नाही घेतली तरी चालेल, पण कोणाची तरी इथली घ्या, आणि पोळ्याच्या आत घेतली तर मारबतीवरची पहिली स्ट्रिप या वर्षीच छापून येईल.

आपली,
एक नियमित वाचक आणि कॉमिक काढणारी
नागपूर