जाड पॅड म्हणजे आरामदायी शॉर्ट्स नव्हे

महोदय,

सायकलिंग सुरू करणाऱ्या महिलांसाठी आपल्या पुरवणीत आलेला लेख उपयुक्त आहे. हेल्मेट, दिवे, टायरमधली हवा, सगळे नीट सांगितले आहे. बैठकीला आतून फोमचे पॅड शिवलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले आहे : चांगले जाड पॅड बघून घ्यावी. हाच सल्ला दुकानांत मिळतो, सायकलिंगच्या ग्रुपवरही मिळतो, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ त्यातच असते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सायकलच्या सीटवर आपण मांड्यांवर किंवा नितंबांच्या मांसावर बसत नाही. भार येतो तो बैठकीच्या दोन हाडांवर. स्त्रियांचा कटिभाग सरासरीने रुंद असल्यामुळे ही हाडे एकमेकींपासून थोडी लांब असतात, म्हणून महिलांच्या शॉर्ट्समधले पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड कापतात. पण सरासरी म्हणजे प्रत्येकीचे माप नव्हे. एकीच्या हाडांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल, तर दुसरीच्या १४. आणि याचा वरून दिसणाऱ्या अंगकाठीशी फारसा संबंध नसतो. सडपातळ बाईची हाडे लांब असू शकतात.

हे अंतर घरी मोजता येते. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवावा, पातळ कपड्यांनिशी त्यावर बसावे, टाचा उचलून गुडघे जरा वर घ्यावेत आणि किंचित पुढे वाकावे. अर्ध्या मिनिटाने उठले की पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. पुसट असतील तर वरून खडू आडवा फिरवावा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. शॉर्ट्स घेताना ती उलटी करून पॅडच्या मागच्या बाजूचे दोन जाड भाग बोटांनी चाचपावेत. तुमचे खळगे त्या जाड भागांवर यायला हवेत. ते पॅडच्या काठावर येत असतील तर ती शॉर्ट्स कितीही महाग असली तरी तुमच्या कामाची नाही, कारण काठ बरोबर हाडाखाली टोचत राहणार.

आता जाडीकडे येऊ. दुकानात अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागणारे जाड पॅड बसताक्षणी छान वाटते. वीस-पंचवीस मिनिटांनी हाडे त्या मऊ फोममध्ये रुततात, त्यांच्याखालचा फोम चपटा होतो आणि आजूबाजूचा वर उठतो. हा वर उठलेला फोम मधल्या नाजूक भागावर, म्हणजे जिथे भार यायलाच नको तिथे, दाब देतो. परिणामी हाडे दुखतात ती दुखतातच, शिवाय पुढे बधिरपणा येतो. जाड फोममध्ये घाम जास्त साठतो, तो वाळायलाही वेळ लागतो आणि मांड्यांच्या मध्ये गठ्ठा आल्यामुळे पाय फिरवताना दोन्ही बाजूंना घासतो. जेल भरलेल्या पॅडची हीच गत; त्यातून हवा जात नाही, ते तापते आणि जड होते.

पाहायची असते ती फोमची घनता. साधारण ६० ते ८० किलो प्रति घनमीटर घनतेचा फोम तासाभराच्या फेरीला पुरतो. तीन-चार तास बसायचे असेल तर हाडांखाली १०० ते १२०च्या आसपासचा हवा. हा आकडा वेष्टनावर क्वचितच असतो. नसेल तर हाडाखाली येणारा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोरात दाबून दहा सेकंद धरावा. दोन्ही बोटे एकमेकांना लागल्यासारखी वाटली, किंवा सोडल्यावर खळगा हळूहळू भरला, तर तो फोम लवकर बसणार. चांगल्या पॅडमध्ये एकाच जाडीचा ठोकळा नसतो. हाडांखाली तो जाड आणि घट्ट, पुढे पातळ, आणि कडेला कागदासारखा निमुळता होत गेलेला असतो. कडेला बोट फिरवून पाहावे. पायरी लागली तर तीच पायरी जांघेत लागणार आहे. पॅडच्या वरच्या कापडाला मधोमध शिवण नको. ते एकसंध आणि मऊ हवे.

बसायची पद्धत बदलली की पॅडही बदलते, हे फारसे कोणी सांगत नाही. ताठ बसून, हँडल उंच असलेली सायकल चालवणारीचा भार मागे येतो. तिला मागे रुंद, पुढे अगदी आखूड पॅड पुरते. रेसिंगच्या सायकलवर हात खाली धरून पुढे झुकले की कटिभाग पुढे कलतो आणि भार हाडांच्या पुढच्या निमुळत्या कडांवर सरकतो. अशा वेळी पॅड पुढपर्यंत यायला हवे, पण तिथे ते पातळच हवे. 'महिलांसाठी' असा शिक्का बघून दोघींनी एकच शॉर्ट्स घेतली, तर एकीला हमखास त्रास होतो.

त्या शिक्क्याबद्दलही सांगायला हवे. काही ठिकाणी पुरुषांच्याच मापाची शॉर्ट्स रंग बदलून महिलांच्या कप्प्यात ठेवतात. ओळखायला सोपे आहे. शॉर्ट्स सपाट पसरावी. कंबरेच्या मानाने नितंबाचा घेर पुरेसा नसेल, पॅड मागे-पुढे जवळपास सारख्याच रुंदीचे असेल आणि पुढे लांब जाऊन तिथे फुगीर जागा ठेवलेली असेल, तर ती पुरुषांच्या बेताची आहे. अरुंद कटिभागाच्या बाईला तीही बसेल कदाचित. बाकीच्यांच्या मात्र ती कंबरेला सैल, नितंबावर तंग होते आणि पॅड जागेवरून सरकते.

या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते. संकोचाने अनेकजणी घालतात. सुती अंतर्वस्त्र घाम धरून ठेवते आणि त्याच्या कडेची जाड शिवण पॅड आणि त्वचा यांच्यामध्ये दोरीसारखी फिरते. पॅडचे कापड सरळ त्वचेला लागावे आणि दोघांत घर्षणच होऊ नये यासाठीच ही शॉर्ट्स अंगाला चिकटून बसेल अशी शिवतात. वर काही घालावेसे वाटले तर अवश्य घालावे : सैल शॉर्ट्स, ट्राउझर, काहीही. फक्त त्या वरच्या कपड्याला बैठकीखाली चार शिवणींची जाड गाठ नसावी. जीन्सला ती असते, आणि पॅडमधूनही टोचते.

माप घेताना कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग आणि मांडीचा घेर अशी तिन्ही मापे घ्यावीत. दोन साइजच्या मध्ये अडकल्यास नितंबाच्या मापाने ठरवावे. सैल घेण्याचा मोह टाळावा. आराम म्हणून एक साइज मोठी घेतली की पॅड प्रत्येक पेडलला इकडून तिकडे सरकते, आणि त्वचा सोलवटते ती त्या सरकण्यामुळे. उलट फार लहान घेतली तर कापड ताणून शिवणी पांढऱ्या दिसू लागतात, पॅड दोन्ही बाजूंनी ओढले जाऊन मध्ये उचलले जाते. घालून पाहताना आरशासमोर ताठ उभे राहून काहीच कळत नाही. उभे असताना पॅड मागे जरा लोंबल्यासारखे वाटणे साहजिक आहे, कारण कापड वाकलेल्या अंगासाठी बेतलेले असते. एक पाय स्टुलावर ठेवून कंबरेतून पुढे वाकावे, मग दुसरा पाय. वाकल्यावर कंबरेचा पट्टा मागून खाली आला, पोटात रुतला किंवा पॅड त्वचेपासून सुटले तर ती परत करावी. वाकलेल्या अवस्थेतच मागचे कापड उजेडात कोणाला तरी बघायला सांगावे. ताणल्यावर आरपार दिसणारे कापड बरेच विकले जाते. फिकट रंग घामाने ओले झाले की हमखास दिसतात. काळा रंग चालत आला आहे तो काही उगाच नाही.

कंबरेला बारीक इलास्टिक नको. पुढे वाकल्यावर ते पोटाच्या घडीत शिरते. चार बोटे रुंद, दुपदरी कापडाचा पट्टा आणि पुढच्यापेक्षा मागे उंच कंबर, हे बरे. खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या बिब शॉर्ट्समध्ये पोटावर दाबच येत नाही आणि पॅड जागचे हलत नाही. लांब पल्ल्याला त्यांच्याइतके सुखाचे दुसरे काही नाही. अडचण एकच : लघवीला जाताना वरचा टी-शर्ट काढून पट्टे उतरवायचे. म्हणून महिलांच्या बिबमध्ये मागे चेन, पाठीवर सुटणारा हुक किंवा मागचा भाग तसाच खाली ओढता येईल असे ताणणारे पट्टे देतात. ही सोय दुकानातच तीनदा करून पाहावी, तीही टी-शर्ट अंगावर ठेवून. शौचालय लांब म्हणून पाणीच न पिणे हा उपाय नव्हे.

पायाची लांबी आवडीवर सोडली जाते, पण मांड्या एकमेकींना घासत असतील तर आतल्या शिवणीची, म्हणजे जांघेपासून खालच्या काठापर्यंतची, लांबी निदान ८ इंच हवी. आखूड शॉर्ट्स वर सरकते आणि तिचा काठ नेमका घासणाऱ्या जागी गुंडाळला जातो. खालच्या काठाला सिलिकॉनची पट्टी असेल तर ती बारीक ठिपक्यांची बरी. सलग अरुंद पट्टी मांडीत रुतते आणि घामात खाज सुटून लाल चट्टे उठतात. कापड नायलॉन आणि इलास्टेन या ताणणाऱ्या धाग्याचे असावे. इलास्टेन २० टक्क्यांच्या आसपास असेल तर पकड चांगली राहते. शिवणी सपाट असाव्यात, इतके बघितले की पुरे.

पाळीच्या दिवसांत पंखांचे सॅनिटरी पॅड या शॉर्ट्सला नीट चिकटत नाही, दुमडते, आणि त्याची प्लास्टिकची कड जांघ कापते. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही. सॅनिटरी पॅडच वापरायचे असेल तर त्यापुरते बिनशिवणीचे पातळ अंतर्वस्त्र घालावे आणि फेरी लहान ठेवावी.

घर्षण कमी करणारे क्रीम जांघेत आणि पॅडचा काठ येतो तिथे पातळ लावावे. मेंथॉलचे थंडावा देणारे क्रीम महिलांनी टाळावे. नाजूक त्वचेवर त्याने भयंकर आग होते. पेट्रोलियम जेली धुऊन निघत नाही आणि पॅडच्या कापडात मेणासारखी बसते. केस मुळापासून काढल्यास उलट केसतोड होण्याचा धोका वाढतो, कात्रीने आखूड करणे चांगले. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या तयारीत ब्रिटनच्या महिला सायकलपटूंनाही केस काढू नका असाच सल्ला देण्यात आला होता.

फेरीवरून आल्यावर शॉर्ट्स तशीच अंगावर ठेवून चहा-गप्पा करू नयेत. ऊब आणि ओलावा मिळाला की बुरशी वाढते. लगेच काढून, उलटी करून, थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. सॉफ्टनर घातल्यास धाग्यांवर थर बसून घाम शोषला जात नाही. गरम पाणी, ब्लीच आणि इस्त्री इलास्टेन मारतात. पिळताना पॅड मुरगाळू नये, टॉवेलात दाबावे. वाळत घालताना पॅड बाहेरच्या बाजूला आणि सावलीत. रोज सायकल चालवणारीला दोन शॉर्ट्स लागतातच, कारण आतून ओलसर राहिलेले पॅड दुसऱ्या दिवशी घालणे हे फोड येण्याला आमंत्रण आहे. बैठकीचे कापड उजेडात विरलेले दिसले किंवा फोममधला खळगा भरेनासा झाला की शॉर्ट्स संपली, वरून ती कितीही नवी दिसो.

एवढे करूनही दुखत असेल तर दोष शॉर्ट्सचा नसेल. सीट फार उंच असल्यास कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि कोणतेही पॅड घासते. सीटचे टोक वर उचललेले असेल तर पुढे बधिरपणा येतो. बधिरपणा किंवा मुंग्या म्हणजे नसेवर दाब; ते सवयीने जाईल असे समजून चालवत राहू नये. सूज टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी उत्पादकांकडे आणि विक्रेत्यांकडे मागणी. वेष्टनावर 'कम्फर्ट' आणि 'प्रीमियम' छापण्यापेक्षा पॅडची मागची-पुढची जाडी, फोमची घनता, जाड भागांच्या मध्यांमधले अंतर आणि आतल्या शिवणीची लांबी, हे चार आकडे छापावेत. आणि ट्रायल रूममध्ये स्टँडवर लावलेली एक सायकल ठेवावी. तिला फारशी जागा लागत नाही.

– एक सायकलस्वार वाचक