टॉर्च धरणाऱ्या हाताला, आणि न दिसलेल्या सगळ्यांना

परवा आम्ही घरचे पाचजण एका जुन्या, ऐतिहासिक नाट्यगृहात संगीतिका पाहून आलो. त्या संध्याकाळी ज्यांनी मदत केली त्यांची नावं विचारायची राहून गेली, म्हणून इथे जाहीर आभार.

पहिले आभार दाराशी असलेल्या ताईंचे. अशा वास्तूंमधले बाल्कनीचे जिने अरुंद आणि चढे असतात, आणि माझ्या आईचे गुडघे दुखतात. ताईंनी तिचा हात धरला, एकेका पायरीवर टॉर्चचा उजेड पाडला, कडेची खुर्ची मिळवून दिली. घाई जराही केली नाही. आई अजून त्यांचीच आठवण काढते.

मध्यंतरात धाकटी रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात वाकून बघत होती. एका चेलोवादक काकांनी वर पाहिलं, आधी तार नुसती छेडली, मग त्याच तारेवर गज फिरवला. एकाच तारेचे दोन आवाज! तिचा चेहरा मी विसरणार नाही.

आणि जे दिसलेच नाहीत ते. इशारा मिळताच दोर, कप्प्या आणि वजनांच्या आधारे भलेमोठे देखावे अलगद वर नेणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे, गिलाव्याची नक्षी आणि लाकूडकाम वर्षानुवर्षं जपणारे. (त्या नक्षीमुळे आवाज चहूकडे विखुरतो, म्हणून शेवटच्या रांगेतही सूर भरीव वाटतो.) तुमच्यामुळे आमच्या तीन पिढ्यांनी एकच गाणं एकत्र ऐकलं.

मनापासून आभार. पुढच्या मैफिलीला आम्ही पुन्हा येतोय, आईसकट.