अठरा वर्षांचं काहीच लिहिलेलं नाही

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोन लावणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर लावायची तुला सवय आहेच. शाळेत माझीच वही बघून लिहायचास.

तू लिहितोस की बँक सुटली आणि माणूस रिकामा झाला. सकाळी दूध, मग नातीला बसपर्यंत पोचवणं, बिलं, औषधं. आयुष्यभर लोक साहेब म्हणायचे, आता सोसायटीचा वॉचमनसुद्धा काका म्हणतो. आणि शेवटी टोमणा: "तुमच्या चर्चमध्ये यावर काही सांगतात का?"

सांगतात की मर्दा. पुष्कळ सांगतात. त्यातलं बरंचसं मला पटत नाही, ते आधी सांगतो. देवाची तुझ्यासाठी मोठी योजना आहे, आत्ताचं बारीकसारीक काम ही तिची तयारी आहे, असं एक नेहमीचं प्रवचन असतं. कॉलेजच्या पोरांना ते चालतं. पेन्शन सुरू झालेल्या माणसाला कसली तयारी सांगायची?

मला शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, वेगळंच दिसतं. येशूने कामाला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असं लूक लिहितो. त्याआधीचं काय सापडतं? जन्म, मिसरला पळणं, बाराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात आईबापांपासून मागे राहणं. पुढची अठराएक वर्षं जवळजवळ कोरी. गाव नासरेथ, ज्याचं नाव काढल्यावर नथनेल विचारतो, तिथून काही चांगलं निघेल काय? धंदा सुतारकीचा. मग एक दिवस तो यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला जातो आणि आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्यावर मी संतुष्ट आहे.

आता क्रम बघ. तू बँकेतला माणूस, तारखा बघणं तुझं काम. त्या दिवसापर्यंत एक आंधळा डोळस झालेला नाही, एक दृष्टांत सांगितलेला नाही, एक शिष्य जमलेला नाही. खात्यावर जमा काय, तर सुतारकी आणि आईबापांच्या शब्दात राहणं. एखादा जाणकार म्हणेल की बाप संतुष्ट होता तो पुत्र म्हणून, त्याच्या कामावर नव्हे. मान्य. मग तर तुझं साहेबपण आणखीच बाजूला पडलं.

आणि त्या वर्षांचं पुढेही कोणी काही केलेलं नाही. मार्क, योहान कुणीही मागे वळून सांगत नाही की त्याने घडवलेलं अमुक जू फार उत्तम होतं. ते काम लहान होतं आणि लहानच राहिलं. लहान काम खरं तर गुपचूप मोठंच असतं, असं कोणी म्हणालं की मला तिथे लबाडी वाटते. दूध आणणं म्हणजे दूध आणणं. मी मानतो ते एवढंच की ते बघितलं जातं.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचं तुला ठाऊक असेल, प्रेषित पौलाचं सगळ्यात वजनदार पत्र. विद्वान लोक त्याच्या एकेका वाक्यावर पुस्तकं लिहीत आले. पण सोळाव्या अध्यायात मध्येच एक माणूस डोकं वर काढतो: हे पत्र लिहून काढणारा मी तर्तिय, तुम्हाला सलाम सांगतो. बस. पौल सांगत होता आणि हा बोरू चालवत होता. पुढे त्याचा कुठे पत्ता नाही. मला तो फार आवडतो. तुझ्या पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, सबंध ग्रंथ छापून आला तो १९२४ मध्ये, त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बाया. नाव रमाबाईंचं राहिलं आणि ते राहायलाच हवं. पण एकेक वेलांटी चिमटीत धरून बसवणाऱ्या हातांचं मला राहून राहून वाटतं. आमच्या चर्चला ज्यांचं नाव आहे ते अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या घरचं पाणी कोण भरत होतं, हे कुठल्या पाटीवर नाही.

बायबलच्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात यापो गावची टबीथा आहे. ती वारते, येशूचा शिष्य पेत्र याला बोलावणं जातं. तो माडीवर येतो तर सगळ्या विधवा रडत उभ्या, आणि तिने शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवताहेत. भाषण नाही, गुणवर्णन नाही. ही शिवण बघा, एवढंच.

हे मला २०१९ च्या पुरानंतर नीट कळलं. ऑगस्टमध्ये पंचगंगा कशी आली होती ते तू टीव्हीवर पाहिलंसच. पाणी उतरल्यावर मंडळीतले आम्ही काहीजण चिखलीला गेलो. आमच्या डोक्यात धान्याची किट, ब्लँकेट, वाटप, असलं काहीतरी. तिथे एका म्हाताऱ्या मावशींनी आमच्याकडे बघितलं, भांड्यांचा ढीग दाखवला आणि म्हणाल्या, "हितं बसा आनि घासा." बसलो. गाळ वाळून सिमेंटासारखा झालेला, काठाच्या खाचेत घट्ट बसलेला. घासता घासता भांड्यांवर घातलेली नावं दिसू लागली. अमक्याच्या लग्नात तमक्या मामाकडून, कुणाच्या बारशाला कुणाकडून. मावशी पायरीवर बसून एकेका नावाचा इतिहास सांगत होत्या, त्यातले निम्मे लोक वारलेले, एकाशी भांडण. एक तांब्या मी तीनदा परत घासला, कारण नाव अजून उमटलं नाही म्हणाल्या. येशूचं नाव त्या दुपारी कोणी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

तुझ्या लाडक्या चप्पल लाईनवरून जाताना मला एक फ्रेंच माणूस आठवतो. ब्रदर लॉरेन्स, सतराव्या शतकातला, पॅरिसच्या कार्मेल मठातला. लढाईत जखमी झालेला, लंगडा. बरीच वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात होता आणि ते काम त्याला मुळात नावडतं होतं. एकदा दारू खरेदीला त्याला होडीतून पाठवलं, तर पाय चालेना म्हणून गडी पिंपांवरून लोळत इकडून तिकडे जायचा. म्हातारपणी त्याच्याकडे मठातल्यांच्या चपला दुरुस्तीला आल्या. १६९१ मध्ये वारला. भांड्यांच्या खडखडाटातही मला देव तितकाच जवळ असतो जितका प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, वेळी, असं तो म्हणायचा. आपल्या गावात त्याने शिवलेला चपलेचा एक अंगठा तरी कुणी पास केला असता का, शंका आहे.

पण बंड्या, एक खबरदारी. ही गोष्ट मी तुला सांगेन, चामडं कमावणाऱ्याला किंवा चप्पल शिवणाऱ्याला सांगणार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानला तसल्याच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. जो राबतो त्याला "देव बघतोय" म्हणून कमी पैशात गप्प बसवणं हे पाप आहे, आणि ते आमच्या लोकांनीही केलेलं आहे. मजुरी अडकवली तर ती ओरडते आणि देवाच्या कानी जाते, असं याकोब लिहितो. दुसऱ्याच्या लहान कामाला मोल द्यायचं, आणि आपलं लहान काम कुणी विचारलं नाही तरी करायचं. ह्या दोन गोष्टींची अदलाबदल झाली की भक्ती बिघडते.

माझं स्वतःचं म्हणशील तर चर्चमध्ये माझ्याकडे प्रभुभोजनाचे ग्लास आहेत. बोटाएवढे, ट्रेमधले. मनुकांचा रस वाळला की तळाला चिकटतो, ब्रश जात नाही, गरम पाण्यात भिजवावे लागतात. पुसायला पंचा चालत नाही, धागे लागतात. जुनं मऊ धोतर लागतं. हे मला आमच्या आधीच्या काकांनी शिकवलं, त्यांना कुणी शिकवलं माहीत नाही. दर वेळी मनात पवित्र विचार येतात असं समजू नकोस. बहुतेक वेळा मी केएमटी बसची वेळ बघत असतो.

वहिनींना नमस्कार. दिवाळीनंतर येणार असलास तर महिन्याचा पहिला रविवार धर. ग्लास पुसायला एक माणूस कमी पडतोय आणि उपासनेला बसायची तुला सक्ती नाही. मागच्या खोलीत बस, धोतर मी देतो. आटोपलं की मिसळ, पैसे तुझे.

तुझा,
सॅम्या