आमदारांची ती राखीव सीट

महोदय,

एसटीत खिडकीवर ‘आमदार’ असं रंगवलेली राखीव सीट असते. त्या सीटचा खरा मान सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांनी, आमच्या आबांनी, राखला. १९६२ पासून २०१४ पर्यंत ११ वेळा निवडून आले, तेही एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप). १९७२ आणि १९९५ साली पडले, पण पक्ष बदलण्याचा विचार शिवला नाही. टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्यासाठी ते आयुष्यभर भांडले. माझ्यासारख्या डाळिंबवाल्याला त्याचं मोल विचारा!

३० जुलै २०२१ ला आबा गेले. परवा सांगोला-पंढरपूर गाडीत ती अक्षरं पाहिली, रंग पार उडालाय. आगारानं ती पुन्हा रंगवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, ता. सांगोला