बॉक्स कॅमेरा घ्यावा तो चालवण्यासाठी: मित्रास पत्र

दांडिया बाजार, बडोदे
दि. १९ जानेवारी २०२५

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे पोचली. मामांच्या ट्रंकेतून निघालेला कॅमेरा पाहून तुला एकदम संग्रहाची हौस लागली आहे आणि दिवाणखान्यात काचेचे कपाट करून त्यात असे दहा-बारा कॅमेरे मांडावेत असे तुझ्या मनात आहे, हे वाचून मला आनंद झाला. मात्र कपाटाविषयी माझे मत तू स्पष्ट विचारले आहेस, तेव्हा सुताराला विसार देण्याआधीच ते कळवतो. कपाट करू नकोस. महागड्या जर्मन कॅमेऱ्याचे पितळकाम आणि कोरीव आकडे नुसते पाहत बसावे इतके देखणे असतात. बॉक्स कॅमेऱ्यात पाहण्यासारखे काहीच नसते. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा काळा खोका, समोर एक भिंग, बाजूला एक खटका आणि रोल गुंडाळायची एक चावी, एवढाच त्याचा संसार. त्याची सगळी गंमत तो चालवण्यात आहे. म्हणून चारच घे, पण चारही असे घे की ज्यांत आज रोल भरता येईल.

आता 'आज रोल भरता येईल' ही अट ऐकायला साधी वाटते, पण निवडीचा सगळा निकाल तिच्यावरच लागतो. कोडॅकने १९०० साली ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा अमेरिकेत एका डॉलरला विकायला काढला आणि पुढच्याच वर्षी 'नंबर २ ब्राउनी' आणताना त्याच्यासाठी १२० क्रमांकाचा रोल काढला. त्यानंतर कोडॅकनेच आणि इतरांनीही कितीतरी मापांचे रोल आणले आणि बंद केले. १९०१ सालचा हा १२० मात्र इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आणि चेक देशात अजून तयार होतो आणि आपल्याकडेही मागवता येतो. याचा अर्थ असा की शंभर वर्षांपूर्वीचा कॅमेरा १२० चा असेल, तर तो आजच्या ताज्या रोलवर चालतो. आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा असूनही १२७ चा असेल, तर त्याच्यासाठी पुष्कळ खटाटोप करावा लागतो. विक्रेता 'अँटिक', 'दुर्मीळ' वगैरे काहीही सांगो, आपण पहिला प्रश्न मापाचाच विचारावा.

मामांच्या कॅमेऱ्यावर 'सिक्स-२० ब्राउनी' असे लिहिले आहे, असे तू कळवतोस. म्हणजे तो ६२० चा. ही थोडी अवघड पण सुटणारी गोष्ट आहे. ६२० च्या रोलमधील फिल्म आणि तिच्यामागचा कागद १२० इतकाच रुंद असतो. फरक फक्त रिळात आहे. ६२० चे रीळ मधे बारीक आणि कडेच्या चकत्यांनी लहान, त्यामुळे १२० चे जाड रीळ त्या खाचेत बसत नाही. कोडॅकने ६२० चे उत्पादन १९९५ साली थांबवले, तेव्हा आता १२० चा रोल अंधारात ६२० च्या रिळावर गुंडाळून घेणे हाच मार्ग. नखे कापायच्या कात्रीने १२० च्या चकत्या कुरतडून बसवणारेही आहेत. ते मला पसंत नाही, कारण रीळ घट्ट बसले की चावीवर जोर येतो आणि जुन्या चावीचा आटा जातो.

गुंडाळण्याची रीत नीट सांगतो. ६२० ची दोन रिकामी रिळे हवीत. त्यांपैकी एक मामांच्या कॅमेऱ्यातच असेल, ते चुकूनही फेकू नकोस. दोन्ही हात बाह्यांतून आत जातात अशी काळी पिशवी मिळते. तीत रोल, दोन्ही रिळे आणि हात घालून प्रथम सगळा रोल एका ६२० च्या रिळावर उतरवायचा. असे केल्यावर तो उलटा होतो, म्हणून तेथून तो पुन्हा दुसऱ्या रिळावर घ्यायचा. खरी कसोटी या दुसऱ्या फेरीत लागते. फिल्म कागदाला फक्त एका टोकाला चिकटवलेली असते. तिचे मोकळे टोक कागदाच्या बरोबरीने सरळ आत गेले पाहिजे, आणि शेवटी चिकटपट्टीपाशी पोचताना तेथे फुगा आलेला बोटांना जाणवतो. तो फुगा दाबून बसवायचा नाही. चिकटपट्टी अलगद सोडवून फिल्म सपाट झाल्यावर पुन्हा लावायची. आधी एक वाया गेलेला रोल घेऊन दिवसाउजेडी डोळ्यांसमोर हा सराव कर, म्हणजे पिशवीत हातांना वाट सापडते.

मामांचा कॅमेरा सुरू झाला की दुसरा कोणता घ्यायचा, याबद्दल माझा सल्ला पक्षपाती आहे आणि तो मी लपवत नाही. आग्फा क्लिक-३ घे. तो खऱ्या अर्थाने जुना बॉक्स नव्हे, त्याचे अंग प्लास्टिकचे आहे, पण आतला कारभार तोच: एक भिंग, एक वेग, आणि ऊन की ढग एवढे सांगणाऱ्या खुणा. शिवाय तो १२० चा असून एका रोलमध्ये १२ चौकोनी छायाचित्रे देतो. आणि तो आमच्या बडोद्याचा आहे! न्यू इंडिया इंडस्ट्रीज या येथील कारखान्यात हे कॅमेरे तयार होत आणि देशभर जात. आपल्या पिढीच्या मुंजींची, लग्नांची आणि शाळेच्या सहलींची कितीतरी चौकोनी छायाचित्रे याच कॅमेऱ्याने काढलेली आहेत. पुढे उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आला, म्हणजे कॅमेरा बडोद्याचा आणि रोल निलगिरीचा असा पूर्ण देशी जोड जमू लागला. उटकमंडचा तो कारखाना बंद पडला. जुना 'इंदू' कोणी विकत असेल तर डब्याच्या शोभेसाठी घे, छायाचित्रासाठी नको, कारण मुदत उलटून इतकी वर्षे झालेल्या रोलवर बहुधा धुकेच उमटते.

कॅमेरा विकत घेताना पाहण्याच्या गोष्टी फार नाहीत. पाठ उघडून भिंगातून उजेडाकडे पाहावे आणि खटका दाबावा. उजेड अडवणारा पडदा (शटर) एकदा उघडून लगेच मिटला पाहिजे. कित्येक बॉक्स कॅमेऱ्यांत खटका खाली नेला की एक छायाचित्र आणि वर नेला की दुसरे, अशी सोय असते. ती माहीत नसलेला माणूस खटका सहज परत वर ढकलतो आणि तेवढ्यात त्याच फिल्मवर दुसरे छायाचित्र घेऊन मोकळा होतो. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आमच्याकडच्या आणि तुमच्या सांगलीच्याही पावसाळ्यात ती हमखास धरते. वरवरची असेल तर पुसून जाते, काचेला खाऊन गेली असेल तर नाही. समोरची पाटी बहुतेक मॉडेलांत दोन-चार स्क्रूंनी निघते आणि भिंग, पडदा, आरसे सगळे हाताशी येते. पडद्याला तेल मात्र मुळीच घालू नये, तेल भिंगावर पसरते आणि धूळ धरते. लक्ष्यदर्शकाचा, म्हणजे ज्यात पाहून चौकट ठरवायची त्या खिडकीचा, आरसा तर फडक्याने पुसूच नये. त्याची कलई बरेचदा वरच्या बाजूला असते आणि एका पुसण्यात ती फडक्यावर येते. मग त्याच मापाचा आरशाचा तुकडा कापून बसवावा लागतो. आमच्या रावपुऱ्यातला फ्रेमवाला तो कुरकुरत का होईना, कापून देतो.

उजेडाचे गणित हा या सगळ्यातला मला सर्वांत प्रिय भाग आहे, म्हणून थोडा विस्तार सहन कर. बॉक्स कॅमेऱ्याचा वेग साधारण सेकंदाच्या तिसाव्या ते पन्नासाव्या भागाइतका आणि छिद्र एफ/११ ते एफ/१६ च्या आसपास (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). ही मापे त्या काळच्या मंद फिल्मसाठी ठरवलेली होती. लख्ख उन्हात एफ/१६ असताना फिल्मचा आयएसओ (ती उजेड किती झटपट टिपते याचा आकडा) जितका, तितकावा भाग सेकंद पुरतो, हा छायाचित्रकारांचा जुना आडाखा आहे. त्यानुसार १०० आयएसओची फिल्म एफ/११ वर सेकंदाचा चाळीसावा भाग उघडी राहिली, तर तिला हवा त्याच्या चौपटीहून जास्त उजेड मिळतो. कृष्णधवल निगेटिव्ह तेवढे पचवते. मात्र ४०० ची फिल्म घालून माध्यान्ही बाहेर पडलास, तर निगेटिव्ह इतके दाट होते की त्यातून काही काढणे कष्टाचे. म्हणून उन्हासाठी १०० किंवा त्याहून मंद, आणि वाड्याच्या चौकातल्या किंवा गल्लीतल्या सावलीसाठी ४०० असे मी ठरवून टाकले आहे. कॅमेऱ्याला पर्याय नाहीत, तेव्हा पर्याय आपण रोल भरतानाच वापरून घ्यायचा; नंतर फक्त उभे कुठे राहायचे आणि कधी राहायचे एवढेच हातात उरते.

आणखी एक खबरदारी. पाठीवरच्या ज्या लाल खिडकीतून आकडा दिसतो, ती त्या काळी निर्धोक होती, कारण तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. आजच्या फिल्मला सगळे रंग दिसतात. खिडकीवर काळी चिकटपट्टी लाव आणि सावलीत उभे राहून, रोल पुढे नेण्यापुरतीच ती उचल. १२० च्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात. सहा बाय नऊच्या कॅमेऱ्याला आठ छायाचित्रांची ओळ लागते आणि क्लिकला बाराची. खिडकी कॅमेरा बनवतानाच योग्य ओळीवर ठेवलेली असते, तेव्हा त्याची काळजी तू करू नकोस.

मी बहुधा रविवारी सकाळी खंडेराव मार्केटकडे जातो. इमारत १९०६ सालची आहे, समोर फुलांचे ढीग लागतात आणि कोवळे ऊन तिरके आलेले असते. दहा फुटांच्या अलीकडचे काही स्पष्ट येत नाही, हे एकदा मनात ठसले की आपोआप पावले मागे पडतात आणि माणसाबरोबर त्याची टोपली, हातगाडी, मागची कमान असे सगळे चौकटीत येते. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातलेल्या माणसाचा कोणाला संशय येत नाही. फारतर एखादा पोरगा येऊन "काका, आ शुं छे?" असे विचारतो आणि लक्ष्यदर्शकातले डावे-उजवे उलटलेले चित्र पाहून मित्रांना हाका मारतो. फुलवाल्या बायका मात्र आधी भाव विचारतात, कॅमेऱ्याचा! उत्तरायण नुकतेच होऊन गेल्यामुळे सध्या प्रत्येक तारेला मांजा आणि फाटके पतंग लटकलेले आहेत. साधे भिंग असूनही ते मधल्या भागात किती स्पष्ट उमटतात हे पाहून तुला आश्चर्य वाटेल. कडांना चित्र मऊ होते हे खरे. पण सहा बाय सहाचे निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून मोठे असल्यामुळे ते फार वाढवावे लागत नाही आणि भिंगाचे दोषही वाढत नाहीत. हल्ली मुद्दाम धूसर, मुद्दाम उजेड घुसलेली छायाचित्रे काढून त्यालाच जुन्या कॅमेऱ्याचे सौंदर्य म्हणण्याची जी टूम आहे, ती मला पटत नाही. नीट पुसलेले भिंग, सूर्य पाठीशी आणि स्थिर हात असेल, तर हा खोका स्वच्छ छायाचित्र देतो. बर्ट हार्डी या ब्रिटिश वृत्तछायाचित्रकाराने १९५१ साली 'पिक्चर पोस्ट' नियतकालिकासाठी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर कठड्यावर बसलेल्या दोन तरुणींचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, ते बॉक्स कॅमेऱ्यानेच. चांगल्या छायाचित्राला महागडा कॅमेरा लागत नाही, हेच त्याला दाखवायचे होते.

रोल धुणे मी घरीच करतो, आणि तूही घरीच करावेस असे मला वाटते. बाहेर पाठवण्यात पैसे जातात आणि वाट पाहावी लागते ती वेगळीच. टाकीतले फिरते चाक १२० च्या रुंदीला लावता येते. डी-७६ हे साधे रसायन पुरते. अडचण आहे ती उन्हाळ्याची. रसायनांच्या वेळा २० अंश सेल्सिअस धरून दिलेल्या असतात आणि एप्रिल-मे मध्ये आमच्या नळाचे पाणी तीस अंशांच्या पुढे असते. तापमान वाढले की वेळ कमी करावा लागतो आणि तो पाच मिनिटांच्या खाली गेला की फिल्मवर डाग व पट्टे पडू लागतात. म्हणून मोठ्या घमेल्यात बर्फाचे पाणी घेऊन त्यात सगळ्या बाटल्या एकत्र ठेवायच्या. सगळ्या, कारण एकच गार आणि बाकीच्या गरम राहिल्या तर फिल्मचा मऊ झालेला थर सुरकुततो. सौ. ने न्हाणीघराचा ताबा रात्री दहानंतर देण्याचे कबूल केले आहे, त्यामुळे घरात शांतता आहे.

या पत्राबरोबर ६२० चे एक जास्तीचे रीळ, १०० आयएसओचे दोन रोल आणि सरावासाठी एक वाया गेलेला रोल पाठवत आहे. मामांच्या कॅमेऱ्यात जुना रोल अडकलेला असेल तर पाठ उघडू नकोस; आधी चावी शेवटपर्यंत फिरव, कागद सुटल्याचे हाताला कळते, मग अंधाऱ्या खोलीत तो काढून काळ्या कागदात गुंडाळून माझ्याकडे पाठव, मी धुऊन पाहीन. पडदा कसा चालतो आणि समोरच्या पाटीला स्क्रू किती आहेत, तेवढे उत्तरात कळव.

वहिनींना तिळगूळ आणि नमस्कार, काकूंना साष्टांग नमस्कार. बाकी क्षेम.

तुझा,
माधव