आधी तू फोन कर

कर्वेनगर, पुणे
शनिवार, रात्री दहा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्याची मटकी उपसून बांधून ठेवली आणि लिहायला बसले. हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो आई, कळलं आई" म्हणून विषय संपवतोस आणि माझंही निम्मं पोटातच राहतं.

गेल्या रविवारी तू जेवायला आलास. अळूची भाजी केली होती तुझ्यासाठी. जेवताना तीन वेळा फोन वाजला. दोनदा सासवडच्या शेतकरी गटाचा, एकदा तुझ्या पार्टनरचा. तिन्ही वेळा नाव बघून तू फोन पालथा ठेवलास. मग हात धुताना म्हणालास, "आई, तुझी तीन लाखांची एफडी मोडता येईल का? सात तारखेला पोरांचे पगार करायचेत. आणि पार्टनरला यातलं काही बोलू नकोस." मी "बघते" म्हणाले. पैशाचं शेवटी लिहिते. आधी त्या पालथ्या फोनबद्दल.

हिंजवडीला तू सात वर्षं नोकरी केलीस. तिथे काम लांबलं तर क्लायंटला सांगायला वरचा कुणीतरी होता आणि पगार ठरल्या दिवशी खात्यात पडत होता. वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने सांगायची वेळ तुझ्यावर कधी आलीच नाही, म्हणून आता ती आली की घशाशी अडकते. तू लबाड नाहीस, हे मला माहीत आहे. तुला लाज वाटते. नोकरी सोडून फळं सुकवायचे सोलर ड्रायर बनवायला निघाला आणि वर्षातच हात पसरायची वेळ आली, असं लोक म्हणतील, ही ती लाज. मला ती चांगली ओळखीची आहे.

2003 मध्ये आपल्या स्वयंपाकघरात मी पोळी-भाजी केंद्र सुरू केलं, तेव्हा तू शाळेत होतास. पहिल्याच वर्षी एकदा वरण खाली लागलं. मी वरचं वरण दुसऱ्या पातेल्यात काढलं, वरून लसूण-हिंगाची झणझणीत फोडणी दिली आणि डबे पाठवले. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, निभावलं. पुढच्या सोमवारी चार डबे बंद झाले. एकाने गावी जातोय म्हणून सांगितलं, बाकीच्यांनी तेवढंही नाही. त्यातल्या एका ताई नंतर भाजीच्या गाडीवर भेटल्या आणि म्हणाल्या, "अहो, वरण करपतं कुणाचंही. पण तुम्ही ते आम्हाला कळू नये म्हणून फोडणी घातलीत." मी काय उत्तर देणार? पिशवीत कोथिंबीर कोंबली आणि घरी आले.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, मे महिन्यात, उसळ आंबली. बासष्ट डबे अकराला गेले होते. साडेअकराला मी उरलेली उसळ चाखली आणि जीभच सांगून गेली. आदल्या रात्री गरम उसळीवर झाकण घट्ट बसवलं होतं, चूक सर्वस्वी माझी होती. वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेक नंबर फिरवला. "आज उसळ खाऊ नका, खराब झालीय, पिठलं पाठवते." बाबा स्कूटरवरून कर्वेनगर-डहाणूकर कॉलनी अशा किती चकरा मारत होते कोण जाणे. शेवटचं पिठलं दीड वाजता पोचलं. दोघं जण खूप बोलले, ते ऐकून घेतलं. पण त्या महिन्यात एकही डबा बंद झाला नाही, आणि डहाणूकर कॉलनीतले ते निवृत्त आजोबा पुढे अकरा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, आपलाच डबा खात होते.

आणि 2020 चा मार्च तर तू पाहिलाच आहेस. 24 तारखेला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. होस्टेलच्या मुली, नोकरीवाली मुलं, परीक्षेचा अभ्यास करणारे, सगळे गावी गेलेले किंवा जायच्या वाटेवर. डबे नव्वदवरून अकरावर आले. मार्केट यार्डातल्या शेठचे अडतीस हजार द्यायचे होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना फोन केला. म्हटलं, "शेठ, या महिन्यात पूर्ण जमणार नाही. जसे येतील तसे आठवड्याला हजार-हजार देईन. चालणार नसेल तर आत्ता सांगा, गळ्यातलं आहे." ते म्हणाले, "वहिनी, सकाळपासून मी सतरा जणांना फोन लावतोय, कुणी उचलत नाही. तुम्ही स्वतःहून केलात. गहू किती पाठवू?" दोन पोती आली. पुढच्या जानेवारीत मी शेवटचे हजार दिले तेव्हा त्यांनी वहीतलं पान माझ्यासमोर फाडलं.

बाजारात याला पत म्हणतात. बँकेकडे तुझा स्कोअर असतो, तो वेगळा. शेठने गहू पाठवला, कारण त्याआधीची सतरा वर्षं पैसे द्यायला दोन दिवस जरी उशीर होणार असला तरी तारखेच्या आधी माझा फोन जायचा. अडचणीच्या दिवशी नवी ओळख काढता येत नाही रे, जुनीच कामाला येते.

आजोबा खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये होते, तुला ते लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगायचे. तेव्हा तू नांगरापाशी पोचायच्या आत झोपायचास, म्हणून पुन्हा सांगते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी मानत. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली आणि कारखाना कुठे न्यायचा हा प्रश्न पडला. तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली, कर्ज दिलं, आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजोबा इथे थांबून विचारायचे, "राजाने कारखानदाराला ओळखलं कसं?" तर लक्ष्मणरावांनी औंधला सभागृहाचं बांधकाम करून दिलं होतं. राजाने आधी काम पाहिलं होतं.

आता तुझे शेतकरी बघ. लक्ष्मणरावांना पहिली मोजकी गिऱ्हाइकं मिळवायला दोन वर्षं लागली, आणि सासवडच्या माणसांनी तुझा ड्रायर उभा राहायच्या आधी तुला ॲडव्हान्स दिलाय. त्यांचे फोन तू पालथे ठेवतोस, हे मला सहन होत नाही. पिकलेलं अंजीर झाडावरून काढलं की दोन दिवसही धड टिकत नाही. हंगाम तोंडावर आलाय. ड्रायर पंधरा दिवस उशिरा येणार हे त्यांना आज कळलं, तर ते माल ताजाच बाजाराला लावायची तजवीज करतील, गाडी ठरवतील, व्यापाऱ्याशी बोलतील. तुझ्याकडून काही कळलंच नाही तर क्रेट भरून तुझी वाट बघत बसतील. उशीर झालाय तो झालाय. पण न सांगितल्यामुळे जे सडेल ते तुझ्या नावावर सडेल.

सोमवारी सकाळी त्यांना फोन कर. जमलं तर दिवे घाट चढून स्वतःच जा. कारणं सांगत बसू नकोस, तारीख सांग, आणि जी नक्की पाळशील तीच सांग.

तू माल दिलेल्या त्या कंपनीकडे तुझे सहा लाख अडकलेत, त्याचंही सांगते, कारण यात मी स्वतः पोळले आहे. एका कंपनीच्या कँटीनला मी पोळ्या द्यायचे. चार महिने बिल थकलं आणि ऑर्डर जाईल या भीतीने मी तोंड उघडलं नाही. शेवटी आपले सीए म्हणाले, वहिनी, 2006 चा कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. पण माझी नोंदणीच नव्हती. तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारकडची नोंदणी, माल देण्याआधी झाली होती ना? तो नंबर बिलावर छापलाय का? आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरातही आलंय, की अशी मुदत उलटलेली आणि मार्चअखेर न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. म्हणजे तुझं बिल वेळेत देण्यात त्यांचाही फायदा आहे. हे भांडायला नको, माहिती म्हणून सांग.

पण माझे पैसे सुटले ते कायद्याने नाही. मी मॅनेजरचा नाद सोडला आणि अकाउंट्समधल्या बाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या बिलावर पीओ नंबर, म्हणजे आमच्या खरेदी-ऑर्डरचा नंबरच नसतो, म्हणून ते बाजूला पडतं. पाच तारखेच्या आत द्या, गुरुवारच्या यादीत घेते." इतकंच होतं ते. तू त्या कंपनीच्या डायरेक्टरबरोबर फोटो काढलास, चांगलं आहे. तुझं बिल पास करणाऱ्या माणसाचं नाव तुला माहीत आहे का?

राहता राहिला पार्टनर. लॉकडाऊनमध्ये मी आपल्या पाचही बायकांना जमिनीवर गोल बसवलं आणि हिशोबाची वही मधोमध उघडी ठेवली. म्हटलं, एवढे आहेत, यात सगळ्यांना निम्मा पगार बसतो. दोघी दुसरं काम बघायला गेल्या. मी मनात धरलं नाही, त्यांच्या घरी लेकरं होती. तिघी राहिल्या आणि त्यातल्या सुतारदऱ्याच्या मावशींनीच सुचवलं, की नुसत्या पोळ्या पाकिटात घालून सोसायट्यांमध्ये विकू. आज आपला निम्मा धंदा त्या पाकिटांवर चालतो. वही झाकून ठेवली असती तर मावशी काय सुचवणार होत्या?

तुझ्या पार्टनरनेही नोकरी सोडलीय. त्याच्याही घरी कुणीतरी त्याला रोज "कसं चाललंय" विचारत असेल. तुमच्या धंद्याच्या खात्यात काय उरलंय हे त्याला माहीत नसणं, हा त्याच्यावर अन्याय आहे. तो चिडेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. तरी सांग.

आता एफडीचं. मोडायची माझी तयारी आहे, बाबांशीही बोलले. थोडं व्याज बुडेल, बुडू दे. पण तुझ्या पार्टनरला माहीत नसलेले पैसे मी तुमच्या धंद्यात घालणार नाही. बुधवारी संध्याकाळी दोघंही या. येताना हिशोबाची वही, त्या कंपनीचं बिल आणि पीओ आणा. कुणाचे किती द्यायचेत ते एका कागदावर लिहून काढू आणि माझे तीन लाखही त्यातच शेवटच्या ओळीत मांडू, परत करायच्या तारखेसकट.

त्याला घडीची पोळी आणि भरली वांगी आवडतात, मागच्या वेळी तीनदा मागून घेतली होती. तेवढी करून ठेवते. गावठी वांगी मंगळवारीच आणावी लागतील, त्यामुळे तुमचं दोघांचं बोलणं झालं की मला नुसतं "येतोय" एवढं कळव.

तुझी,
आई