‘सोप्रानोज’चे तिसरे पर्व आणि डॉ. मेल्फी यांचा नकार

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गुन्हेगारी टोळ्यांवरच्या मालिकांविषयी वृत्तपत्रांतून लिहिले जाते तेव्हा एक आक्षेप हमखास घेतला जातो. खुनी माणूस बायकामुलांत वावरताना, आईच्या टोमण्यांनी दुखावला जाताना, रात्री फ्रिज उघडून उभा असताना दाखवला, की प्रेक्षकाला त्याची माया वाटू लागते आणि त्याची कृत्ये मागे पडतात, असा तो आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे आणि पुष्कळ मालिकांना तो लागूही पडतो. मात्र तोच आक्षेप ‘द सोप्रानोज’ या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या पर्वालाही सरसकट चिकटवला जातो, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे असे मनापासून वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. टोनी सोप्रानोबद्दल प्रेक्षकाला वाटणारी माया या पर्वाला पुरेपूर ठाऊक आहे आणि तिचीच परीक्षा घेण्यासाठी त्याचे तेरा भाग रचलेले आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डेव्हिड चेस यांनी निर्माण केलेली ही मालिका एचबीओ वाहिनीवर जानेवारी १९९९ ते जून २००७ या काळात सहा पर्वांत दाखवली गेली आणि तिचे एकूण ८६ भाग झाले. न्यू जर्सीतल्या एका इटालियन-अमेरिकी माफिया टोळीचा म्होरक्या टोनी याला भीतीचे झटके येतात, तो शुद्ध हरपून पडतो, आणि म्हणून डॉ. जेनिफर मेल्फी या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागतो. जेम्स गँडोल्फिनी यांचा टोनी आणि लोरेन ब्रॅको यांच्या डॉ. मेल्फी समोरासमोर बसून बोलतात, तो दवाखाना हे या कथेचे एक घर आहे, तर एडी फाल्को यांनी साकारलेली पत्नी कार्मेला आणि दोन मुले यांचे दुसरे. तिसरे पर्व ४ मार्च ते २० मे २००१ या काळात प्रसारित झाले.

या पर्वाच्या चौथ्या भागात, ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’मध्ये, डॉ. मेल्फी यांच्यावर पार्किंगच्या जिन्यात बलात्कार होतो. गुन्हेगार लगेच पकडला जातो, पण पुरावा हाताळताना पोलिसांकडून झालेल्या हलगर्जीपणामुळे त्याला सोडून द्यावे लागते. पुढे एका खाद्यपदार्थांच्या दुकानात त्या सहज शिरतात, तेव्हा भिंतीवर महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून त्याच माणसाचे छायाचित्र लावलेले त्यांना दिसते. कायद्याने हात वर केलेले आहेत, अपराधी डोळ्यांसमोर सन्मानाने मिरवतो आहे, आणि दर आठवड्याला त्यांच्यासमोर येऊन बसणारा एक माणूस असा आहे की, त्याला एक शब्द सांगितला तर त्या नराधमाचे नावनिशाण उरणार नाही. त्या नराधमावर तुटून पडणाऱ्या एका भल्यामोठ्या कुत्र्याचे त्यांना स्वप्न पडते, आणि तो कुत्रा म्हणजे कोण हे त्यांनाच उमगते. आपल्या हातात हे शस्त्र आहे या जाणिवेने आपल्याला बरे वाटते, हेही त्या आपल्या सहकारी तज्ज्ञांजवळ कबूल करतात.

भागाच्या अखेरीस टोनी त्यांच्यासमोर बसलेला असताना त्यांना रडू कोसळते. आपल्याला मोटार अपघात झाला असे त्यांनी त्याला सांगितलेले असते. तो उठून जवळ येतो, धीर देतो, परत जागेवर जाऊन बसतो आणि काही सांगायचे आहे का, असे विचारतो. त्या क्षणी पडद्यासमोरचा एकही प्रेक्षक तटस्थ राहू शकत नाही. आपण सगळे त्यांना मनोमन सांगत असतो की बोला, सांगून टाका. त्या क्षणभर थांबतात आणि नाही म्हणतात. भाग तिथेच संपतो.

हा नकार मालिकेने पुढे कधीही मागे घेतलेला नाही. तो अपराधी पुन्हा पडद्यावर येत नाही, त्याला शिक्षा होत नाही, टोनीला काही कळत नाही. सूडाच्या आनंदाची सवय लागलेल्या प्रेक्षकाला हे सहन करणे फार जड जाते, आणि मला वाटते की ते जड जावे हाच लेखकांचा हेतू होता. टोनीच्या हिंसेवर आपण नाखूश आहोत असे समजणारा प्रेक्षक, ती हिंसा आपल्या पसंतीच्या माणसासाठी वापरली जाण्याची शक्यता दिसताच, तिची वाट पाहू लागतो. प्रेक्षकाच्या मनातली ही ओढ त्याच्याच पदरात टाकून, एका जखमी स्त्रीला त्या ओढीपेक्षा मोठी ठरवणारी मालिका गुन्हेगारीचे उदात्तीकरण करते असे कसे म्हणता येईल? रॉबिन ग्रीन आणि मिचेल बर्जेस यांना या भागाच्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला. तो नसता मिळाला तरी माझे मत हेच राहिले असते.

दुसरा नकार सातव्या भागात, ‘सेकंड ओपिनियन’मध्ये, येतो. कार्मेला डॉ. क्राकोवर नावाच्या एका वृद्ध मानसोपचारतज्ज्ञांना भेटते. आजवर तिला भेटलेल्या प्रत्येकाने, धर्मगुरूंनीसुद्धा, शब्द जपून वापरलेले असतात, कारण तिच्या घरचा पाहुणचार आणि देणग्या सगळ्यांनाच हव्या असतात. हे गृहस्थ मात्र तिला स्पष्ट सांगतात की तिने मुलांना घेऊन त्या घरातून निघून जावे, आणि जे पैसे रक्ताने माखलेले आहेत त्यांतून आपण फी घेणार नाही. सत्य आपल्याला कोणी सांगितले नव्हते, असे यापुढे ती म्हणू शकणार नाही, याचीही ते तिला आठवण करून देतात. हा प्रवेश काही मिनिटांचाच आहे, पण संपूर्ण मालिकेत यापेक्षा निर्भीड बोलणे मला दुसरीकडे आढळले नाही.

त्यानंतर कार्मेला काय करते, हे पाहण्यासारखे आहे. घरी येऊन ती टोनीकडे मुलीच्या विद्यापीठासाठी ५० हजार डॉलरची देणगी मागते आणि तो ती कबूल करतो. पुढे ‘आमूर फू’ या भागात ती एका दुसऱ्या धर्मगुरूंचा सल्ला घेते. नवऱ्याच्या कमाईतला जो भाग चांगल्या मार्गाचा आहे त्यावर निभवायला शिकावे, असे ते तिला सुचवतात, आणि हा सल्ला तिला पेलण्याजोगा वाटतो. फाल्को यांनी हे सगळे इतक्या बारकाव्याने केले आहे की, कार्मेलाचा राग येण्यापेक्षा तिची पळवाट आपल्या ओळखीची वाटून मनाला चुटपुट लागते. सोयीचे उत्तर मिळेपर्यंत सल्लागार बदलत राहणारी माणसे कोणत्या समाजात नसतात?

या दोन नकारांच्या मध्ये, सहाव्या स्थानी, ‘युनिव्हर्सिटी’ हा भाग आहे आणि तो पाहणे अत्यंत क्लेशदायक आहे. टोनीच्या टोळीच्या क्लबात नाचणारी ट्रेसी ही वीस वर्षांची मुलगी स्वतः भाजलेला गोड पाव टोनीसाठी घेऊन येते आणि त्याने तो नाकारल्यावरही त्याच्याकडे वडीलधाऱ्याच्या आशेने पाहत राहते. टोळीतला राल्फ सिफारेटो, ज्याच्यापासून तिला दिवस गेलेले असतात, तिला क्लबाच्या मागच्या अंगणात मारून टाकतो. टोनी राल्फवर हात उगारतो तेव्हा टोळीच्या दृष्टीने खरा गुन्हा टोनीचाच ठरतो, कारण शपथ घेतलेल्या सभासदाला मारणे नियमाबाहेर आहे. आणखी काही भागांनंतर हाच राल्फ बढती मिळवून गटप्रमुख होतो आणि ती बढती टोनीलाच द्यावी लागते. डॉ. मेल्फी यांच्यासमोर, कार्मेला शेजारी बसलेली असताना, टोनी या मृत्यूविषयी बोलतो तेव्हा तो मेलेल्या मुलीचा कामावर दगावलेला तरुण करून टाकतो. या एका खोट्यात तिचे नाव, तिचे बाईपण आणि तिचा खून अशा तिन्ही गोष्टी पुसल्या जातात. भागाचे दुसरे सूत्र टोनीच्या लेकीचे, मेडोचे, कोलंबिया विद्यापीठातले सुखवस्तू दिवस दाखवते. दोघी साधारण एकाच वयाच्या आहेत, आणि टोनीचे दुःख यांपैकी एकीसाठी राखून ठेवलेले आहे, हे मालिका एक वाक्यही न उच्चारता दाखवून देते.

मुलांचा विषय निघाला आहे तर तो पुरा करतो, कारण माझ्या मते पर्वाचे उरलेले सगळे वजन त्यावरच आहे. तिसऱ्या भागात टोनीला बालपणीचा एक प्रसंग आठवतो. खाटकाने कर्ज थकवले म्हणून वडिलांनी त्याचे बोट छाटलेले त्याने पाहिले होते, आणि त्याच दुकानातून फुकट येणाऱ्या मांसाने घरात आईचा चेहरा उजळला होता. त्या दिवशी लहान टोनी पहिल्यांदा शुद्ध हरपून पडला. त्याच भागात त्याचा मुलगा ए. जे. फुटबॉलच्या मैदानावर तसाच कोसळतो, आणि पर्वाच्या शेवटच्या भागात, लष्करी शाळेचा गणवेश अंगावर चढवल्यावर, पुन्हा एकदा. बापाने मुलाला काय दिले याचा हा हिशेब आहे. टोनीचा दिवंगत मित्र जॅकी एप्रिल याचा मुलगा धाकटा जॅकी याला या धंद्यापासून दूर ठेवण्याचा शब्द टोनीने दिलेला असतो, पण तो मुलगा जुन्या दरोड्याच्या फुशारक्या ऐकून पत्त्यांच्या अड्ड्यावर दरोडा घालतो, त्यात माणूस मरतो, आणि टोनीच्या मूक संमतीने त्याला मागून गोळी घातली जाते. त्याच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात टोनीचे काका ज्युनियर इटालियन गाणी म्हणतात आणि सारी टोळी डोळे पुसते. जॅकीची बहीण खऱ्या मारेकऱ्यांकडे बोट दाखवू पाहते तेव्हा मेडो, जी कालपर्यंत बापाच्या धंद्याची चीड करत होती, परक्यांसमोर घरचे बोलू नये म्हणून तिच्यावरच डाफरते. हा प्रसंग पाहून या कुटुंबाचा हेवा वाटेल असा प्रेक्षक मला तरी माहीत नाही.

आक्षेपाची दुसरी बाजू इटालियन-अमेरिकी समाजाची आहे आणि ती आदराने ऐकली पाहिजे. आपली ओळख गुंडांपुरती उरावी, ही वेदना खरी आहे. तिसऱ्या पर्वाच्याच सुमारास न्यू जर्सीतील एसेक्स काउंटीने आपल्या जागांवर चित्रीकरणाला परवानगी नाकारली, त्यामुळे ‘पाइन बॅरन्स’ या भागातले बर्फाळ जंगल न्यूयॉर्क राज्यातील हॅरिमन स्टेट पार्कमध्ये चित्रित करावे लागले. २००१ मध्ये न्यू जर्सीच्या काँग्रेस सदस्य मार्ज रुकेमा यांनी प्रतिनिधिगृहात मालिकेच्या निषेधाचा ठरावही मांडला. पण हा वाद मालिकेने स्वतःच्या घरात घेतलेला आहे. डॉ. मेल्फी यांचे पूर्वीचे पती रिचर्ड सतत समाजाच्या बदनामीची काळजी करतात आणि त्यांच्यावर अत्याचार झाल्यावरही अपराध्याचे आडनाव इटालियन असल्याचा सल त्यांना सोडत नाही. शिवाय या पर्वातले सर्वांत धीराचे कृत्य करणारी स्त्री त्याच समाजाची आहे, ही गोष्ट निषेध करणाऱ्यांनी मोजावयास हवी होती.

पर्व निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. टोनीच्या आईची, लिव्हियाची, भूमिका करणाऱ्या नॅन्सी मार्चंड यांचे जून २००० मध्ये निधन झाले. तरीही जुन्या चित्रणातून त्यांचा चेहरा घेऊन संगणकाच्या साह्याने एक प्रवेश जुळवण्यात आला, तो डोळ्यांना बोचतो आणि त्या थोर अभिनेत्रीला शोभत नाही. घरातल्या तळघरात एफबीआयने दिव्यात ध्वनियंत्र बसवल्याची कथा मोठ्या तयारीने सुरू होऊन लवकरच विझते. ‘पाइन बॅरन्स’मध्ये टोळीच्या दोन गुंडांच्या हातून जंगलात निसटलेल्या रशियन माणसाचे पुढे काय झाले हे कधी सांगितले गेले नाही याची अनेकांना तक्रार आहे, ती मला तितकीशी पटत नाही. तो भाग स्टीव्ह बुशेमी यांनी दिग्दर्शित केला असून थंडीने आणि भुकेने गांजलेल्या त्या दोन गुंडांची सारी ऐट त्यात गळून पडते, आणि एवढे पुरेसे आहे.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती अशी की, अशा मालिकांवर लिहिणाऱ्या समीक्षकांनी संपूर्ण मालिकेवर एकच शिक्का मारण्याऐवजी एकेका पर्वाचे स्वतंत्र मूल्यमापन करावे. त्याचबरोबर चौथ्या आणि सहाव्या भागातील हिंसेची वाचकांना आधी स्पष्ट कल्पना द्यावी, कारण अत्याचाराचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीवर ती दृश्ये अचानक आदळणे योग्य नाही. आणि टोनीच्या संवादांचे व रुबाबाचे कौतुक छापताना डॉ. मेल्फी आणि डॉ. क्राकोवर यांनाही त्याच लेखात जागा द्यावी.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक